नोकरीत असताना अपंगत्व आल्यास रजा आणि सोयी कशा मागाव्यात

अपघात, पक्षाघात किंवा दृष्टी मंदावणारा आजार यांमुळे सेवेत असताना अपंगत्व आले, की घरची माणसे आणि कधी कधी वरिष्ठही कळवळ्याने राजीनाम्याचा सल्ला देतात. तो घाईने मानू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २०(४) नुसार अशा कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापना कामावरून काढू शकत नाही किंवा त्याला खालच्या पदावर आणू शकत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते आणि तसे पद उपलब्ध नसल्यास ते मिळेपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्त निर्माण केलेल्या पदावर ठेवावे लागते. स्वतःहून नोकरी सोडल्यावर हा आधार मागणे फार कठीण होते.

उपचार सुरू होताच वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून रजेचा अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. ईएसआय, म्हणजेच राज्य कामगार विमा योजनेत नाव असेल, तर संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असल्यास वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के दराने आजारपणाचा लाभ मिळतो.

प्रकृती स्थिरावल्यावर अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढावे. ते ४० टक्क्यांहून कमी आले तरी खचू नये, कारण आरक्षणासाठी असलेली ही अट वाजवी सोयी मागण्यासाठी लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये परीक्षेत उत्तरे लिहून देणाऱ्या लेखनिकाच्या मागणीसंबंधीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

खाजगी नोकरीत असाल तर आधी आस्थापनेचे ‘समान संधी धोरण’ मागून घ्यावे. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेच्या धोरणात विशेष रजा, सहायक साधने आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक यांचा उल्लेख असणे नियमानुसार आवश्यक आहे. पुष्कळ कर्मचाऱ्यांना असे काही धोरण असते, हेच ठाऊक नसते.

खरी काळजी घ्यायची ती सोयींच्या अर्जात. ‘मला पूर्वीचे काम जमत नाही’ एवढेच लिहिले, तर तेच वाक्य पुढे तुमच्याविरुद्ध वापरले जाऊ शकते. म्हणून कोणती कामे आजही करता येतात ते आधी लिहावे, नंतर नेमकी अडचण आणि तिच्यावर हवी असलेली सोय मांडावी: तळमजल्यावर बसण्याची जागा, पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, फिजिओथेरपीच्या दिवशी उशिरा येण्याची मुभा. आस्थापनेवर अवाजवी भार पडणार नाही, अशाच सोयी कायद्याला अभिप्रेत आहेत. त्यामुळे शक्य तिथे दुसरा, कमी खर्चाचा पर्यायही सुचवावा. तोंडी बोलणे झाले असेल, तर त्याच दिवशी ते ईमेलने कळवावे.

नकार आला किंवा उत्तरच आले नाही, तर शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची असते, आणि त्यानेही समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. खाजगी नोकरदाराने राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करावा व पोच घेतलेल्या सर्व कागदांच्या प्रती त्याला जोडाव्यात.