आठ आठवड्यांत केमिस्ट्री : अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजचा वेगवान हायब्रिड कोर्स कसा निभवावा

अमेरिकेत नर्सिंग, डेंटल हायजीन किंवा रेडिओग्राफीसाठी अर्ज करायचा म्हटलं की आधी काही विषय पूर्ण करून दाखवावे लागतात आणि त्यात बहुतेक वेळा केमिस्ट्री असतेच. नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर आलेली, भारतात बी.कॉम. करून आलेली एखादी ताई असो, नाहीतर नुकतं हायस्कूल संपवलेला मुलगा, वेळ वाचवायला दोघांचीही नजर एकाच ठिकाणी जाते : इंट्रोडक्टरी केमिस्ट्री, हायब्रिड, आठ आठवडे. लेक्चर घरी बसून ऑनलाइन, लॅब तेवढी कॉलेजात. ऐकायला सोयीचं वाटतं आणि नीट हाताळलं तर सोयीचं आहेही. पण ‘वेगवान’ म्हणजे अभ्यास कमी, हा समज पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा. सोळा आठवड्यांचा पूर्ण पोर्शन इथे आठ आठवड्यांत होतो, एकही धडा गळत नाही. गळतो तो मागे पडल्यावर सावरून घ्यायचा वेळ.

हिशोबच मांडून बघा. एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास वर्गात आणि किमान दोन तास वर्गाबाहेर, असं साधारण १५ आठवडे. अमेरिकी केंद्र सरकारच्या व्याख्येतच हे प्रमाण आहे. चार क्रेडिटांचा कोर्स धरला तर झाले १८० तास. आठ आठवड्यांत विभागले तर आठवड्याला साडेबावीस आणि उन्हाळ्यातल्या सहा आठवड्यांच्या सत्रात तीस. लॅबचे तास मोजायची पद्धत वेगळी असते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे जास्तच धरा. एवढे तास कुठून काढणार, याचं उत्तर असेल तरच पुढे जा.

आधी हा कोर्स लागतोच का, ते विचारा

भारतात बी.एस्सी. किंवा बी.फार्म. झालं असेल तर आधी पदवीचं विषयवार मूल्यांकन करून घ्या. वेस (वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस) या संस्थेचा अहवाल बरीच कॉलेजं मान्य करतात. काही ठिकाणी त्यावर केमिस्ट्री माफ होते. काही ठिकाणी मात्र विज्ञानाचे विषय गेल्या पाच-सात वर्षांतलेच हवेत किंवा अमेरिकेतल्याच कॉलेजातले हवेत, अशी अट असते. ज्या कार्यक्रमाला पुढे अर्ज करायचा आहे, त्याच्याच सल्लागाराला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. ओळखीच्या कुणाला तीन वर्षांपूर्वी काय सांगितलं होतं, त्यावर विसंबू नका.

दुसरं म्हणजे इंट्रोडक्टरी केमिस्ट्री आणि जनरल केमिस्ट्री हे वेगळे कोर्स आहेत. पहिला, ज्यांनी केमिस्ट्री केलेलीच नाही किंवा करून बरीच वर्षं झालीत त्यांच्यासाठी. इंजिनिअरिंग किंवा मेडिकलकडे जायचं असेल तर जनरल लागतो. तिथे इंट्रोडक्टरीची क्रेडिट्स सहसा धरत नाहीत. बारावी सायन्सची केमिस्ट्री डोक्यात ताजी असेल तर प्लेसमेंट टेस्ट देऊन ही पायरी ओलांडता येते का, हेही विचारून घ्या. फी आणि आठ आठवडे दोन्ही वाचतील.

व्हिसाचं थोडक्यात : एच-४ वर शिकायला वेगळी परवानगी लागत नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावाल्यांना पूर्णवेळ अभ्यासक्रमात एका सत्रात ऑनलाइनचा एकच वर्ग किंवा तीन क्रेडिट्स धरता येतात. पण लॅबला प्रत्यक्ष यावंच लागतं असा हायब्रिड त्या ऑनलाइनच्या मोजणीत येत नाही. तरीही नोंदणीपूर्वी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयातून खात्री करून घ्या.

नोंदणी करताना तारखा बघा

एकाच कोर्सचे चार सेक्शन असतात आणि चारही हायब्रिडच म्हणवतात. एकात लेक्चरं रेकॉर्ड केलेली, केव्हाही बघा. दुसऱ्यात मंगळवार-गुरुवारी झूमवर ठरावीक वेळेला हजर राहा. कुठे परीक्षा घरून, कुठे कॉलेजच्या टेस्टिंग सेंटरमध्ये. लॅब आठवड्यातून दोनदा, तीन-तीन तासांची असू शकते. सेक्शनच्या नोट्समध्ये हे सगळं बारीक अक्षरात दिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय बटण दाबू नका.

आपल्या लोकांचा हमखास घोटाळा होतो तो भारतवारीचा. उन्हाळ्याचं सत्र मेअखेर किंवा जूनमध्ये सुरू होतं आणि मुलांना सुट्टी लागल्यामुळे तिकिटंही तेव्हाचीच काढलेली असतात. ‘ऑनलाइनच तर आहे, पुण्याहून करीन’ हे चालत नाही, कारण लॅब. अनेक ठिकाणी दोन लॅब बुडाल्या की बाकी गुण कितीही असोत, कोर्स नापास. फॉल सेमिस्टरचं दुसरं आठ आठवड्यांचं सत्र ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतं, म्हणजे ऐन दिवाळीत. फराळ मंडळाकडून मागवा.

आणखी एक : याच्या जोडीला ॲनाटॉमीचाही वेगवान कोर्स घेऊ नका. सल्लागार परवानगी देतील, कारण नियमात बसतं. झेपण्याचा प्रश्न तुमचा.

सुरू होण्याआधीचे दोन आठवडे

बहुतेकांचा निकाल इथेच ठरतो. या कोर्समध्ये अडतं ते बहुधा केमिस्ट्रीपेक्षा गणितात : समीकरणातून एक चल बाजूला काढणं, टक्केवारी, दहाचे घात. आठवीचं बीजगणित एकदा हाताखालून घाला.

मग कॅल्क्युलेटर. आपण बारावीपर्यंत लॉग टेबलं उलटलेली माणसं. इथे पहिल्या दिवसापासून सायंटिफिक कॅल्क्युलेटर लागतो आणि परीक्षेत फोनचा चालत नाही. साधा घ्या, पण दहाच्या घाताची कळ कुठे आहे ते शोधून ठेवा. का, ते सांगते. ३.०१ × १०²⁴ रेणूंना ॲव्होगॅड्रोच्या संख्येने, म्हणजे ६.०२२ × १०²³ ने भागायचं आहे. उत्तर ५ मोल. (मोल हे डझनासारखं मोजायचं एकक : एका मोलमध्ये ॲव्होगॅड्रोच्या संख्येइतके रेणू.) पण तुम्ही ‘भागिले ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात’ असं सुटं दाबलंत तर यंत्र आधी भागतं, मग गुणतं आणि ५ × १०⁴⁶ असं काहीतरी दाखवतं. घाताची कळ वापरली तर पूर्ण संख्या एकसंध राहते. नाहीतर कंस टाका.

पाठांतरही आत्ताच करा. पहिल्या चाळीसेक मूलद्रव्यांची चिन्हं, आणि नायट्रेट, सल्फेट, कार्बोनेट, फॉस्फेट, हायड्रॉक्साइड, अमोनियम असे बहुअणू आयन (विद्युत प्रभार असलेले अणूंचे गट) त्यांच्या प्रभारासकट. नायट्रेट, नायट्राइट आणि नायट्राइड ही तीन वेगळी प्रकरणं आहेत, हे परीक्षेच्या आदल्या रात्री कळून उपयोग नाही. पाढे पाठ केलेल्या पिढीला हे जड जायचं कारण नाही.

पुस्तकाला पैसे घालण्यापूर्वी थांबा. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात आणि कित्येक प्राध्यापक तीच लावतात. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या संकेतस्थळावर समीकरण संतुलित करायचे वगैरे खेळ आहेत. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये हा उपक्रम सुरू केला. त्यातलं बरंच काही मराठीतही आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी एकदा बघावं.

पहिला दिवस

सिलॅबस पूर्ण वाचा आणि प्रत्येक तारीख फोनच्या कॅलेंडरात टाका. त्यातल्या दोन सगळ्यात आधी : फी परत मिळून कोर्स सोडता येण्याची शेवटची तारीख आणि गुणपत्रिकेवर ‘डब्ल्यू’ (विथड्रॉ, म्हणजे कोर्स सोडल्याची नोंद) घेऊन बाहेर पडण्याची शेवटची तारीख. वेगवान सत्रात पहिली तारीख अवघ्या काही दिवसांवर असते. गृहपाठाची वेबसाइट, परीक्षेचा लॉकडाउन ब्राउझर (परीक्षेदरम्यान दुसरं काही उघडू न देणारा), कॅमेरा, सगळं त्याच दिवशी चालवून बघा. सुरक्षिततेची क्विझ दिल्याशिवाय पहिल्या लॅबला घेत नाहीत, तीही उरकून टाका.

आठवडा कसा लावायचा

आठवड्याला साधारण दोन धडे होतात. हायब्रिडमध्ये रेकॉर्ड केलेलं लेक्चर हाच वर्ग असतो. त्याची वेळ ठरवा, दार लावून घ्या, वही-पेन घेऊन बसा. स्वयंपाक करता करता कानात लेक्चर लावलं तर शब्द ऐकू येतात, गणित येत नाही. व्हिडिओ मध्येच थांबवून उदाहरण आधी स्वतः सोडवा, मग पुढचं बघा. गृहपाठ रविवारी रात्री ११.५९ ला बंद होतो म्हणून रविवारीच बसणारे तिसऱ्या आठवड्यात दमतात. रोज दीड-दोन तास आणि लॅबच्या आदल्या दिवशी जास्तीचा एक, हे जमतं. आठवड्याच्या शेवटी उरलेले तास धड्यांच्या मागच्या प्रश्नांना द्या.

त्रैराशिक बाजूला ठेवा

आपलं गणित चांगलं, असं म्हणणाऱ्यांचे गुण इथे जातात. उत्तर बरोबर येतं, पण त्रैराशिकाने. इथल्या प्राध्यापकांना प्रत्येक पायरीवर एकक लिहून ते कापलेलं दिसायला हवं असतं. कारण पुढे मोल आले की रूपांतरांची साखळी तीन-चार कड्यांची होते आणि त्रैराशिकात आपण नक्की काय भागलं हेच विसरायला होतं.

लॅबमध्ये बऱ्याच ठिकाणी करतात तेच उदाहरण घेऊ. खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, तापवला की त्याचा सोडियम कार्बोनेट होतो; पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातात. समीकरण सांगतं, बायकार्बोनेटच्या २ मोलांमागे कार्बोनेटचा १ मोल. २.०० ग्रॅम सोड्यापासून किती कार्बोनेट मिळेल?

पहिली कडी : २.०० ग्रॅम भागिले ८४.०१ ग्रॅम प्रति मोल (बायकार्बोनेटच्या एका मोलचं वजन), झाले ०.०२३८ मोल. ग्रॅम कटले.
दुसरी : गुणिले १ मोल कार्बोनेट, भागिले २ मोल बायकार्बोनेट. झाले ०.०११९ मोल.
तिसरी : गुणिले १०५.९९ ग्रॅम प्रति मोल (कार्बोनेटच्या एका मोलचं वजन). उत्तर १.२६ ग्रॅम.

विसरते ती नेहमी दुसरी कडी. समीकरणातले आकडे फक्त तिथेच कामाला येतात. ती गाळली तर उत्तर बरोबर दुप्पट येतं. आणि कॅल्क्युलेटर १.२६१६ दाखवत असला तरी १.२६ च लिहायचं, कारण सुरुवातीच्या २.०० मध्ये तीनच सार्थ अंक (खरोखर मोजलेले आकडे) आहेत. जास्त दशांश म्हणजे जास्त अचूक, ही सवय मोडायला वेळ लागतो. दरम्यान गुण जात राहतात.

लॅबमध्ये

कपड्यांपासून सुरुवात. पूर्ण पाय झाकणारी पँट, बंद बूट, केस बांधलेले. ओढणी, लोंबते कानातले, सैल बाह्या नकोत. बर्नरच्या ज्योतीला लाड माहीत नसतात. सँडल घालून गेलात तर परत पाठवतात आणि ती लॅब बुडाली असंच धरतात. गॉगल साधा चालत नाही. डोळ्यांभोवती घट्ट बसणारा, शिंतोडे अडवणारा हवा.

प्रयोगाची माहिती आदल्या रात्री वाचून तक्ते आखून न्या. वहीत पेनानेच लिहायचं. चुकलं तर एक आडवी रेघ. खोडरबर नाही, व्हाइटनर नाही.

ब्युरेटवर, म्हणजे द्रव मोजून सोडायच्या उभ्या काचनळीवर, रेघा ०.१ मिलिलिटरच्या असतात, वाचन मात्र ०.०१ पर्यंत करायचं. शेवटचा आकडा नजरेने ठरवायचा. पातळी बरोबर रेघेवर असली तरी २३.४ नव्हे, २३.४० लिहा. डोळा पातळीच्या रेषेत हवा, आणि ब्युरेटचे आकडे वरून खाली वाढतात हे लक्षात असू द्या.

आता तोच सोड्याचा प्रयोग. क्रुसिबल (तापवायचं छोटं भांडं) सोड्यासकट तापवलं, उरलेल्या पदार्थाचं वजन केलं, १.४५ ग्रॅम आलं. अपेक्षित १.२६ होतं, म्हणजे उतारा (यील्ड, अपेक्षेच्या किती टक्के मिळालं ते) ११५ टक्के. शंभरावर उतारा आला की बरेच जण आकडा गुपचूप खाली आणतात. तसं करू नका. सोडा पुरता तापला नाही, उडून जायचं ते आतच राहिलं, एवढाच त्याचा अर्थ. पुन्हा तापवा, थंड होऊ द्या, वजन करा. लागोपाठ दोन वजनं जुळेपर्यंत हेच. थंड होऊ द्यायचं ते उगाच नाही : गरम भांड्याभोवतीची हवा वर चढते आणि तराजू खरं वजन कमी दाखवतो. सोडा पुरता तापला नव्हता, हे कारण अहवालात लिहिलंत तर चुकलेल्या आकड्यावरही चांगले गुण मिळतात.

मोजमाप जोडीदारासोबतचं एकच चालतं, अहवाल मात्र ज्याचा त्याने लिहायचा. व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तरं फिरवणं आपल्याकडे मदतीत मोडत असेल, इथे ती कॉपी. कारवाईची नोंद राहते आणि नर्सिंगच्या अर्जात त्याबद्दल विचारू शकतात.

अडलं तर

प्राध्यापकांचे ऑफिस अवर्स, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळा, हे तुमच्याच फीमधून आलेले आहेत. ‘सरांना कशाला त्रास’ म्हणून जे जात नाहीत, त्यांना अभ्यासच नकोय असं इथे समजतात. जाताना सोडवायचा प्रयत्न केलेला कागद न्या आणि नेमकं कुठे अडलंय तिथे बोट ठेवा. ट्युटरिंग सेंटर बहुतेक कॉलेजांत मोफत असतं. आठ आठवड्यांच्या कोर्सला दुसऱ्या आठवड्यातच जायला लागा.

पहिल्या परीक्षेत साठच्या खाली गेलात, तर त्याच दिवशी सल्लागाराला भेटा. मोलचं प्रकरण अजून पुढे असतं आणि नंतरचं वायूंचं, द्रावणांचं, आम्ल-अल्कलींचं सगळं त्याच्यावर उभं असतं. डब्ल्यू घेऊन पुढच्या सेमिस्टरला सोळा आठवड्यांचा कोर्स करणं हा पुष्कळदा शहाणपणाचा सौदा असतो, कारण नर्सिंगच्या प्रवेशात ‘डी’ पेक्षा डब्ल्यू बरा. आर्थिक मदत घेत असाल तर सोडलेल्या क्रेडिटांचा तिच्यावर परिणाम होतो, तेवढं आधी विचारा.

कोर्स संपला की लगेच सिलॅबस आणि लॅबचे अहवाल पीडीएफ करून स्वतःकडे उतरवून घ्या. सत्रानंतर काही काळाने कॉलेजच्या संकेतस्थळावरचा तुमचा प्रवेश बंद होऊ शकतो, आणि दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठात क्रेडिट्स हलवताना सगळ्यात आधी सिलॅबसच मागतात.