एकाहून अधिक लॉज आणि वर्गण्यांचा मेळ

मी फ्रीमेसन या बंधुसंघाच्या एका लॉजचा, म्हणजे स्थानिक मंडळाचा, खजिनदार आहे. वर्गणीची पत्रं गेली की काही बंधूंचे फोन येतात, ‘जरा सवड द्या.’ बहुतेकांना आमची एकटीची वर्गणी जड नसते. मास्टर मेसन, म्हणजे तिसरी डिग्री (दीक्षेची पायरी) घेतलेला पूर्ण सदस्य, झाल्यावर रॉयल आर्च, मार्क, नाइट्स टेम्पलर, स्कॉटिश राइट अशा पुढच्या शाखांची एकेक दारं उघडतात, शिवाय रोटरी किंवा लायन्स असतेच. बोलावणारा जिव्हाळ्याने बोलावतो, त्यामुळे नाही म्हणवत नाही.

आधी सगळा खर्च एका कागदावर उतरवा. नुसती वर्गणी नको. प्रवेश शुल्क, सभेनंतरचं जेवण, प्रवास, दानपेटी आणि पोशाख हेही धरा. बहुतेक शाखांचा विधीचा पोशाख, एप्रन वगैरे, वेगळा, आणि नाइट्स टेम्पलरला झगा नि तलवारही लागते. पुढे पदं चढत गेलात की पाहुणचाराचा भार वाढतो, हे पद स्वीकारण्याआधीच विचारून घ्या. मग एकूण रकमेला तुम्ही खरोखर हजर राहिलेल्या सभांनी भागा. आकडा बोलका असतो.

तारखाही लिहा. रोटरी आणि लायन्स या दोन्हींची आंतरराष्ट्रीय देणी जुलै आणि जानेवारीत येतात. लॉजची वर्गणी त्याच महिन्यांत पडत असेल तर दरमहा थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकत जा. हप्ते मिळतील का, हे खजिनदाराला बेलाशक विचारा. आम्हाला थकबाकीपेक्षा हप्ता केव्हाही बरा.

काटछाट करताना मूळ लॉज शेवटपर्यंत राखा. बाकीच्या शाखा तिच्यावर उभ्या असतात. तिथलं सदस्यत्व गेलं की वरचंही डळमळतं. नाइट्स टेम्पलरमध्ये जायला आधी रॉयल आर्च लागतं, म्हणजे एका इच्छेमागे दोन वर्गण्या. उलट श्राइन या मेसन बंधूंच्या आणखी एका संस्थेसाठी पूर्वी स्कॉटिश राइट किंवा यॉर्क राइट (रॉयल आर्च, नाइट्स टेम्पलर वगैरेंचा गट) पूर्ण करावं लागे. २००० साली ती अट गेली. केवळ श्राइनपायी मधली वर्गणी भरत असाल तर आता तिची गरज नाही.

सोडायचं ठरलं तर मात्र लेखी राजीनामा द्या, तोही चालू वर्षाची वर्गणी चुकती करून. संकोचापोटी गप्प राहून थकबाकी साचू देणारे बंधू पाहिले की मला फार वाईट वाटतं. पैसे न भरल्यामुळे नाव कमी झालं की पुढे दुसऱ्या लॉजमध्ये जाताना जुनी बाकी आड येते, कारण तिथे येणं नसल्याचा दाखला मागतात. रीतसर राजीनामा दिलेल्याला परतीचा रस्ता मोकळा राहतो.

आणि अडचण खरीच असेल तर सेक्रेटरीशी किंवा मदतनिधी सांभाळणाऱ्या बंधूशी वेळेवर बोला. दान स्वतःला आणि आपल्या माणसांना झळ न लागता करावं, हे पहिल्याच डिग्रीत शिकवलं जातं. वर्गणीलाही तेच लागू आहे. बऱ्याच ठिकाणी लॉज वर्गणी माफ करू शकते किंवा पुढे ढकलू शकते. तो अर्ज वर्ष संपायच्या आत हातात पडला, तर अनेकदा सभेत नाव न घेता निकाली काढता येतो.

नव्या शाखेत जाणारच असाल तर पोशाख मागवण्याआधी तिथल्या सेक्रेटरीला विचारा. निवृत्त झालेल्या बंधूंचे एप्रन आणि झगे पुष्कळदा कपाटात चांगल्या स्थितीत पडून असतात.