खुल्या सॉफ्टवेअरला नैतिक अट घालायची असेल तर

समजा, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यांसाठी तुम्ही हजेरी आणि मजुरीचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिलंय. कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं की पाळीची हजेरी लागते, विणलेले नग भरले की आठवड्याची मजुरी निघते. कोड सगळ्यांसाठी खुला ठेवायचाय. पण कोण किती वेळा पाणी प्यायला उठला हे मोजायला उद्या कुणी हाच कॅमेरा लावू नये, असंही वाटतं. मग सुचतं की लायसन्समध्येच, म्हणजे कोड वापरण्याच्या परवान्यातच, एक ओळ घालून टाकू. ती ओळ बहुतेकदा तिथे टिकत नाही. दुसरीकडे लिहिली तर टिकते, पण आधी ती ओळ नीट हवी.

‘मजुरांच्या विरोधात वापरू नये’ असं लिहिलंत तर उशिरा आलेल्याची मजुरी कापणं विरोधात धरायचं की नियमात? कारखानदार एक सांगेल, युनियन दुसरं. त्याऐवजी लिहा : ‘चेहऱ्याची नोंद फक्त हजेरीसाठी वापरावी आणि मजूर काम सोडून गेल्यावर ३० दिवसांत पुसावी.’ इथे काय करायचं नाही आणि किती दिवसांत करायचं, दोन्ही तपासता येतं. मोघम अटीचं काय होतं ते जेसन (JSON) या माहिती लिहिण्याच्या पद्धतीच्या सॉफ्टवेअरला दिलेल्या लायसन्सवरून दिसतं. जेसन पुढे आणणारे डग्लस क्रॉकफर्ड यांनी त्यात ‘चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नको’ अशा अर्थाची एक ओळ घातली. तेवढ्यावरून डेबियन हा लिनक्स प्रकल्प त्याला मुक्त मानत नाही आणि खुलं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अपाचे फाउंडेशनने २०१६ मध्ये आपल्या प्रकल्पांत त्याला मनाई केली. वाईट कशाला म्हणायचं हे कोण ठरवणार, एवढाच प्रश्न होता.

अट नेमकी असली तरी ‘ओपन सोर्स’ हे नाव सोडावं लागतं. ओपन सोर्स कशाला म्हणायचं ते ठरवणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेच्या व्याख्येतलं पाचवं कलम व्यक्ती किंवा गटांत भेदभाव करू देत नाही आणि सहावं कलम कामाच्या क्षेत्रांत. फ्री सॉफ्टवेअरवाल्यांच्या स्वातंत्र्यांच्या यादीतलं शून्य क्रमांकाचं स्वातंत्र्यही तेच सांगतं : प्रोग्राम कुठल्याही हेतूने चालवता आला पाहिजे. अट घातलीत तर रीडमीमध्ये (कोडसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) ‘कोड पाहता येतो, वापर अटींसह’ असं सरळ लिहा. खुलं म्हणायचं आणि आत कुलूप ठेवायचं, यावरून लोक जास्त चिडतात.

मग इतरांच्या लायब्ररी, म्हणजे तुम्ही आयते वापरलेले कोडचे संच, बघा. पायथन या भाषेत कोड लिहिला असेल तर पिप-लायसन्सेस हे टूल चालवलं की कशाला कुठलं लायसन्स आहे त्याचा तक्ता मिळतो. त्यात जीपीएल ३ (कोड वाटताना तो त्याच अटींवर खुला ठेवायला लावणारं लायसन्स) असलेली एकही लायब्ररी तुमच्या कोडशी जोडलेली निघाली, तर जोडलेलं सगळं वाटताना जास्तीची बंधनं घालता येत नाहीत. जीपीएल ३ वर जादा अट चिकटवली तर सातव्या कलमानुसार घेणारा ती काढून टाकू शकतो.

कोडमध्ये आणखी कुणाकुणाचा हात आहे तेही मोजा. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या शॉर्टलॉग कमांडने नावं निघतात. ज्याने जो भाग लिहिला त्याचा कॉपीराइट सहसा त्याच्याकडे (नोकरीत लिहिला असेल तर मालकाकडे), म्हणून वेगळा करार नसेल तर लायसन्स बदलताना त्यांची लेखी संमती घ्यावी लागते. आणि काल एमआयटी या जवळपास विनाअट लायसन्सखाली दिलेली आवृत्ती आज परत घेता येत नाही. कुणीही तिथून फोर्क करून, म्हणजे प्रत घेऊन वेगळा प्रकल्प काढून, पुढे जातो. ऑगस्ट २०१८ मध्ये लर्ना या जावास्क्रिप्टच्या टूलच्या प्रकल्पाने असंच लायसन्स बदलून अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याबरोबर काम करणाऱ्या कंपन्यांची नावं लिहून त्यांना मनाई केली. वाद पेटला आणि काही दिवसांत ती अट मागे घेतली गेली.

एवढं करूनही अट लायसन्समध्येच हवी असेल तर स्वतः मजकूर रचत बसू नका. नैतिक अटींसाठीच लिहिलेल्या हिपोक्रॅटिक लायसन्सच्या ३.० आवृत्तीत हवी ती कलमं निवडता येतात. मोठ्या कंपन्यांचे वकील बहुधा नाही म्हणतील, हे धरून चाला. अट मोडली तर कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६२ मुळे तुम्ही राहता तिथे, म्हणजे सोलापुरातच, दावा लावता येतो. पण शेडच्या आतला पुरावा आणणार कोण? मजूर साक्ष देईल आणि दुसऱ्या दिवशी त्याच मागावर उभा राहील, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

म्हणून अटीचा मोठा भाग कोडमध्ये घाला. फोटो साठवूच नका. त्यापासून काढलेली आकड्यांची नोंद ठेवा आणि मजूर सोडून गेल्यावर ३० दिवसांत ती पुसणं आपोआप होऊ द्या. कॅमेरा फक्त हजेरीच्या बटणावर चालू व्हावा, सतत नाही. चेहरा द्यायचा नसेल त्याला कार्डाचा पर्याय पहिल्याच स्क्रीनवर दिसू द्या, आणि स्क्रीन मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही हवी, नाहीतर संमती कागदावरच राहील. कोड खुला आहे, तेव्हा बदलणारा बदलेल. पण बहुतेक कारखान्यांत सेटिंग आलं तसंच चालतं.

सर्व्हर तुम्ही चालवत असाल तर सेवेच्या करारात अट लिहा. मोडली तर खातं बंद करणं तुमच्या हातात असतं, कोर्टाची वाट बघावी लागत नाही. कोडला एजीपीएल ३ हे जीपीएलच्याच घराण्यातलं लायसन्स द्या, म्हणजे बदललेली आवृत्ती सर्व्हरवर चालवून लोकांना वापरायला देणाऱ्याला त्यांना बदललेला कोडही द्यावा लागतो. कॅमेऱ्यात काय बदललं ते मग दिसतं.

नाव हे आणखी एक हत्यार. ट्रेडमार्क सॉफ्टवेअरसाठी नवव्या वर्गात, ऑनलाइन सेवेसाठी बेचाळिसाव्या वर्गात. एका व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी वर्गामागे ४,५०० रुपये, नोंदणी १० वर्षांची. कोड कुणीही घ्यावा, नाव मात्र अट पाळणाऱ्यालाच. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या नावाच्या अटींमुळेच डेबियनने २००६ मध्ये फायरफॉक्सला आइसवीझल म्हणायला सुरुवात केली होती.

कोडमध्ये सुरुंग मात्र पेरू नका. मार्च २०२२ मध्ये नोड-आयपीसी या लायब्ररीच्या मेंटेनरने (ती सांभाळणाऱ्याने) रशिया आणि बेलारूसमधल्या संगणकांवरच्या फाइल्स खराब करणारा कोड घातला. ज्यांचा युद्धाशी संबंध नव्हता तेही त्यात सापडले असते. आपल्याकडे असं काही केलं तर आयटी कायदा २००० चं कलम ४३ लागतं, आणि तिथे हेतू चांगला होता हे सांगून सुटका होत नाही.