दिवाळीनंतरचं हिरवं शेवाळ: मातीत घाला, चाऱ्यात जपून, ताटात नको

पाऊस सरला की मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर हिरवं शेवाळ धरायला लागतं आणि थंडीभर वाढत जातं, त्यामुळे मढ-मनोरीकडे ज्यांची वाडी आहे किंवा ज्यांच्या गच्चीवर कुंड्या आहेत त्यांनी ते गोळा करून खत करायच्या तयारीला आत्ताच लागा, उन्हाळ्यात खडक तापले की ते करपतं.

ओळख सोपी आहे. पोपटी, हाताला ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखं लागतं, पेपरवर पसरलं तर खालची बातमी वाचता येते. हेच उल्वा, जाडी फक्त दोन पेशींची. बारीक नळ्यांसारखं दिसतं तेही उल्वाच.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात आपल्याकडे सकाळ-संध्याकाळ सहा-सातच्या सुमाराला पाणी खूप खाली जातं, तेव्हा जा, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या छोट्या ओहोटीला, जाऊन काही हाती लागत नाही. वाहून आलेलं, सुटं तेवढंच उचला. खडक खरवडू नका, त्यात बारीक खेकडे, शिंपल्या असतात. आणि नाल्याच्या तोंडाशी जे सगळ्यात हिरवंगार दिसतं ना, ते अजिबात नको! सांडपाण्यातल्या नायट्रोजनवरच ते फोफावलेलं असतं, आणि त्याच पाण्यातलं शिसं, कॅडमियमही शोषून घेतं. म्हणून इथल्या किनाऱ्याचं शेवाळ खाऊ नका, कितीही धुतलंत तरी. जपानमध्ये उल्वा वाळवून, चुरा करून भातावर घालतात, पण ते खाण्यासाठीच जपलेलं असतं.

मी गेल्या वर्षी दोन गोण्या ओल्याच बांधून ठेवल्या, सकाळी तोंड सोडलं तर आत काळा चिखल आणि सडक्या अंड्यांचा वास. उल्वात उल्वान नावाची गंधकवाली साखर असते, हवा मिळाली नाही की त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि तो विषारी असतो. 2009 मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर सडलेल्या उल्वात रुतून घोडा मेला, वर बसलेला माणूस बेशुद्ध पडला. तेव्हा बंद बाल्कनीत, खोलीत साठवू नका. आणलं त्याच दिवशी गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, म्हणजे मीठ जाईल, मग उन्हात पातळ पसरा. वाळलेलं हाताने चुरून सुक्या पाल्याबरोबर थरावर थर देऊन कंपोस्टमध्ये घाला, शेवाळ कमी, पाला जास्त. ते खत मोगरा, जास्वंद, नारळाला द्या, पालक-माठाला नको, पालेभाजी जमिनीतलं कॅडमियम पटकन उचलते.

शेळ्या वाळलेलं आवडीने खातात, पण त्यात मीठ आणि मॅग्नेशियम भरपूर, जास्त झालं की हगवण लागते. स्वच्छ पाण्यातलं असेल तरच, नेहमीच्या चाऱ्यात मूठभर टाकून सुरुवात करा, प्यायला पाणी भरपूर ठेवा. दुभत्या जनावराला शेवाळाची तपासणी केल्याशिवाय देऊ नका.

उल्वानपासून पॅकिंगसाठी पातळ फिल्म बनते, त्यावर बरंच संशोधन चाललंय, पण ते काम घरच्या पातेल्यात होणारं नाही. कुणी त्यासाठी आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका, आधी वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत जाऊन विचारा.