चांदीचा मुलामा असलेल्या जुन्या सॅक्सोफोनवरील काळेपणा कसा काढावा

कापड हातात घेण्यापूर्वी डाग ओळखावा. काळा किंवा तपकिरी थर म्हणजे हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदीचे झालेले सिल्व्हर सल्फाइड, आणि तो निघतो. मुलामा झिजून उघड्या पडलेल्या पितळेवर हिरवा कळंक चढतो; तोही निघतो, मात्र त्याखाली चांदी सापडत नाही. गुलाबी-तांबूस ठिपक्यांच्या जागी पितळेतील जस्त निघून जाऊन तांबे उरलेले असते, त्यामुळे ते घासून जाणार नाहीत.

कळा, त्या ज्यांवर फिरतात ते रॉड आणि छिद्रे झाकणारे पॅड उतरवून क्रमाने ठेवावेत. सांगाडा कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन लगेच कोरडा करावा.

गरम पाणी, खाण्याचा सोडा आणि ॲल्युमिनियमचा कागद हा सर्वत्र मिळणारा सल्ला मी कोणालाही देत नाही. त्यात सल्फाइडची पुन्हा चांदी होते हे खरे. पण ती निस्तेज दिसते, कोरीवकामाला उठाव देणारा काळेपणाही नाहीसा होतो आणि पोलादी स्प्रिंगा गंजू लागतात. बुडवून काढण्याची आम्लयुक्त द्रावणे मुलाम्याच्या बारीक छिद्रांतून पितळेपर्यंत पोहोचतात. टूथपेस्ट तर वापरूच नये, कारण तिच्यातील कण चांदीला चरे पाडतात.

मला सर्वाधिक झगडावे लागले ते कळा धरणाऱ्या खुंट्यांच्या दाटीत. तेथे बोट पोहोचत नाही, आणि ब्रशने जोर लावला की उंचवट्यांवरचा मुलामा आधी जातो, तर खाचेतला काळेपणा तसाच राहतो. अतिशय बारीक, शुद्ध खडूची पूड डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवून सरबरीत लेप करावा, मऊ सुती कापडाची बोटभरापेक्षा अरुंद पट्टी त्यात भिजवावी, ती खुंटीच्या बुंध्याभोवती घालावी आणि दोन्ही टोके धरून हलक्या हाताने मागे-पुढे ओढावी. पट्टी स्प्रिंगेच्या खालूनच फिरली पाहिजे. सुईसारख्या स्प्रिंगेत धागा अडकला तर ती मोडते, नाहीतर बोटात घुसते. १९२०च्या दशकातील अनेक अमेरिकन वाद्यांचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत, मंद चमकेचा ठेवलेला असतो. तो चोळला की सपाट होऊन चकाकू लागतो आणि मूळचे रूप परत येत नाही, म्हणून अशा ठिकाणी अगदी मऊ ब्रशने लेप नुसता टिपत लावावा. बेलच्या, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडाच्या, आत सोन्याचा पातळ थर असल्यास कोरड्या मऊ कापडापलीकडे काहीही वापरू नये.

कापड काळे येणे थांबेपर्यंत घासावे, असे सांगणाऱ्यांचे ऐकू नये. स्वच्छ चांदी घासली तरी कापड काळे होतच राहते, कारण आता चांदीच झिजत असते. नजर धातूवर ठेवावी. कोरीवकामाच्या कडांवर किंवा अंगठा टेकतो त्या जागी पिवळसर छटा दिसली की तत्क्षणी थांबावे. खाचेत थोडा काळेपणा राहिला तर राहू द्यावा.

हिरव्या कळंकावर पाणी घातलेल्या व्हिनेगरचा बोळा मिनिटभर टेकवून ती जागा धुवावी व कोरडी करावी.

खुंट्यांच्या भोकांत लेप राहिला तर तो रॉड झिजवतो, म्हणून भोके धुऊन वाळवावीत, रॉडला तेल द्यावे आणि मगच जुळणी करावी. पेटीत रबर किंवा लोकर ठेवू नये. दोन्हींतील गंधकाने चांदी पुन्हा काळवंडते.