मायनर लीगचं स्वप्न बघणाऱ्या मुलांसाठी

विद्यापीठाच्या संघातून बेसबॉल खेळलो, आता शाळेतल्या मुलांना पिचिंग, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणं, शिकवतो. हात वेगवान असलेला एखादा मुलगा विचारतोच, ‘सर, अमेरिकेत खेळता येईल का?’ मी त्याला रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांच्याबद्दल सांगतो.

दोघंही उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू, बेसबॉल कधी न खेळलेले. 2008 मध्ये वेगवान चेंडू टाकण्याच्या टीव्ही स्पर्धेतून ते पुढे आले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकेतल्या क्लबने त्यांच्याशी करार केला. इथे मुलांचा गैरसमज होतो. करार मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या, क्लबचा असला, तरी नेमणूक झाली ती खालच्या पायऱ्यांच्या मायनर लीगमध्ये, तीही तळाला, फ्लोरिडातल्या गल्फ कोस्ट लीगमध्ये. तिथून एकेक पायरी वर चढायची: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि त्यानंतर मेजर लीग. दरवर्षी नवे खेळाडू येतात, जागा तेवढ्याच राहतात.

दिनेशला 2010 च्या अखेरीस क्लबने मोकळं केलं. डावखुरा रिंकू टिकला. 2012 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या सिंगल-ए संघाकडून तो 39 सामने खेळला आणि त्याचा ईआरए (नऊ डावांमागे पिचरने दिलेल्या धावांची सरासरी, कमी तितकी चांगली) 3.00 होता. बेसबॉलचे नियमही नव्याने शिकलेल्या मुलाने चार वर्षांत हे करून दाखवलं, याचं मला फार अप्रूप आहे. पुढे कोपराने दगा दिला. लिगामेंटची ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रिया झाली, एकामागून एक मोसम दुखापतींत गेले. 2018 मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये गेला.

म्हणून वेगाच्या आधी मी कोपर आणि खांदा बघतो. वाढत्या वयात रोज पूर्ण जोर लावून फेकू नका, दुखणं प्रशिक्षकापासून लपवू नका. चेंडू हवा तिथे पडतो का, हे वेगाइतकंच महत्त्वाचं आहे.

पैशांचंही स्पष्ट सांगतो. मायनर लीग खेळाडूंच्या 2023 च्या सामूहिक कराराने सिंगल-ए खेळाडूचं वर्षाचं किमान वेतन 26,200 डॉलर झालं. आधी ते याच्या निम्म्याहूनही कमी होतं. मेजर लीगमध्ये त्याच वर्षी किमान 7,20,000 डॉलर मिळत होते. बहुतेक जण तिथवर पोहोचत नाहीत. त्यामुळे शिक्षण सोडून जाऊ नका. कराराची वेळ आलीच, तर बोनस किती हे विचारताना पुढच्या शिक्षणाचा खर्च क्लब देईल का, आणि दुखापत झाल्यावर उपचार कोण करणार, हेही वकिलाकडून वाचून घ्या.