धंदा कुठल्या क्षेत्रात बसतो? या चुका टाळा

म्हापशातल्या माझ्या टेबलावर उद्यम नोंदणी (लहान धंद्यांची सरकारी नोंदणी), कर्जासाठीचे प्रोजेक्ट रिपोर्ट आणि जीएसटीची कामं येतात. दिवाळीनंतर त्यात बारावीच्या आणि बी.कॉम.च्या मुलांची भर पडते. त्यांना ‘गोव्याच्या अर्थव्यवस्थेतील क्षेत्रे’ असा प्रोजेक्ट मिळालेला असतो आणि प्रत्येकाला तो उद्याच द्यायचा असतो. धंदेवाले काय नि विद्यार्थी काय, चूक एकच करतात: माल किंवा पाटी बघून क्षेत्र ठरवतात. काजू दिसला की शेती, बोट दिसली की वाहतूक, नावात ‘इंडस्ट्रीज’ असलं की कारखाना.

बघायचं असतं ते त्या जागी काम काय होतं हे. निसर्गातून थेट काही काढलं तर प्राथमिक. त्याचं रूप बदललं तर द्वितीयक. वस्तू न बनवता कुणाचं काम करून दिलं, माल पोचवला किंवा विकला तर तृतीयक. ॲलन फिशर आणि कॉलिन क्लार्क या अर्थतज्ज्ञांनी १९३० ते १९४० च्या दरम्यान हे तीन खण रूढ केले. सरकारी कामात तेवढ्यावर भागत नाही, म्हणून एनआयसी-२००८ ही धंद्यांच्या वर्गवारीची राष्ट्रीय यादी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आयसिक यादीच्या चौथ्या आवृत्तीवर ती बेतलेली आहे. तिच्यात ‘ए’ ते ‘यू’ असे २१ सेक्शन आणि त्यांच्या पोटात ८८ डिव्हिजन आहेत. कोडचे पहिले दोन आकडे म्हणजे डिव्हिजन. पुढचे आकडे काम अधिक नेमकं सांगतात. हे वाचायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कुणाकडे नसतात, माझ्या टेबलासमोर दुपार काढायला मात्र सगळ्यांना सवड असते.

काजू विकतो, म्हणजे मी व्यापारी

ही चूक मी सगळ्यांत जास्त वेळा बघतो आणि हिच्यातच लोकांचे खरे पैसे जातात.

अस्नोडा बाजूच्या एका जोडप्याचा छोटा काजू कारखाना आहे. बिया वाफवायच्या, कटरवर फोडायच्या, गर बोरम्यात, म्हणजे वाळवणीच्या भट्टीत, वाळवायचा, साल काढायची आणि मग बायका बसून प्रतवारी करतात, डब्ल्यू-२४० वेगळा, डब्ल्यू-३२० वेगळा, तुकडा वेगळा. पुढे रस्त्याला लागून त्यांचंच दुकान. त्यांची उद्यम नोंदणी एका सायबर कॅफेत झाली होती. तिथल्या पोराने विचारलं, ‘काय करता?’ हे म्हणाले, ‘काजू विकतो.’ त्याने ‘ट्रेडिंग’वर टिचकी मारली आणि प्रमाणपत्र छापून हातात दिलं. दोन मिनिटांत काम झालं म्हणून मंडळी खूश.

पुढे किनाऱ्यावरच्या एका हॉटेलने त्यांची बिलं थकवली. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. नाही दिले, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. हत्यार चांगलं आहे. पण किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते ती फक्त अग्रक्रम क्षेत्रातल्या (बँकांनी प्राधान्याने द्यायच्या) कर्जापुरती. उशिराच्या पैशाचं संरक्षण त्यांना नाही. तक्रार गेली तेव्हा हॉटेलच्या वकिलाने यांचंच प्रमाणपत्र पुढे केलं: हे तर व्यापारी. शेवटी रक्कम कापून तडजोड झाली. बाई माझ्यासमोर बसून म्हणाल्या, ‘भाऊ, आमचा बोरमा रात्रंदिवस तापतो आणि कागदावर आम्ही दुकानदार?’ त्यांना काय सांगणार?

वास्तविक प्रकरण सोपं होतं. काजूची लागवड डिव्हिजन ०१ मध्ये, म्हणजे शेती. बिया फोडून गर काढणं, भाजणं हे डिव्हिजन १० मध्ये, म्हणजे अन्नपदार्थांचं उत्पादन, सेक्शन ‘सी’. आपणच केलेला माल आपल्याच दुकानात विकला म्हणून कारखानदाराचा व्यापारी होत नाही. पोदेर, म्हणजे आपला पाववाला, सायकलवरून पाव विकत फिरतो, तरी त्याचं काम पाव बनवण्याचंच. उलट, तयार गर बाहेरून आणून नुसता छान डब्यात भरून विकला, तर ‘उत्पादक’ म्हणवून घेता येत नाही. तो सेक्शन ‘जी’, म्हणजे व्यापार. विकत घेतलेल्या बोंडांच्या रसाची भट्टीवर फेणी काढली तर डिव्हिजन ११, तीच फेणी बारमध्ये पेल्यातून दिली तर ५६ (खानपान सेवा), आणि बाटलीबंद दुकानातून विकली तर ४७ (किरकोळ विक्री). माल तोच आणि क्षेत्रं मात्र वेगवेगळी.

दोन्ही कामं एकाच छपराखाली चालत असली, तर लोक उलाढालीकडे बोट दाखवतात. तिथेच घसरतात. मुख्य काम ठरतं ते मूल्यवर्धनावरून, म्हणजे विकत आणलेल्या गोष्टींचा खर्च वजा जाता त्या कामातून किती भर पडली यावरून. समजा, बाहेरून आणलेला सुकामेवा वर्षाला ४० लाखांचा विकला आणि त्यात ४ लाख सुटले. स्वतः फोडलेला काजू २५ लाखांचा विकला. बिया, इंधन, पॅकिंग मिळून १५ लाख गेले, म्हणजे १० लाखांची भर इथे पडली. उलाढाल व्यापाराची मोठी, पण मुख्य काम उत्पादन.

मी स्वतः पाटी वाचतच नाही. मजुरी कुठल्या कामावर जाते ते विचारतो आणि वहीत पेन्सिलने एक वाक्य लिहून घेतो: आत काय येतं, त्याचं काय करता, बाहेर काय जातं. याला कुणी पद्धत म्हणणार नाही. पण हे वाक्य ज्याला सांगता येत नाही, त्याचा फॉर्म मी भरत नाही.

याचाच उलटा प्रकारही चालतो, आणि तो अजाणता होत नाही. पीएमईजीपी या सरकारी कर्ज-अनुदान योजनेत उत्पादनाच्या प्रकल्पाला ५० लाखांपर्यंत मर्यादा आहे, सेवेला २० लाखांपर्यंत. हे कुणीतरी सांगतं आणि मग रेस्टॉरंट काढणारा ‘फूड प्रोसेसिंग युनिट’ लिहून आणतो. ‘किचनमध्ये मासळीवर प्रक्रियाच होते ना?’ असं वर मलाच विचारतो. गिऱ्हाइकाला बसवून ताट वाढलं की ते डिव्हिजन ५६. असल्या युक्त्या मी लिहून देत नाही. ज्याला हव्यात त्याने दुसरं टेबल बघावं.

खाण कुठे धरायची?

विद्यार्थ्यांची नेहमीची चूक इथे होते. मध्यंतरी एका मुलीने तक्ता दाखवला: प्राथमिक, उद्योग, सेवा. टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर जात होती. ‘राउंडिंगमुळे असेल,’ असं तिचं मत. राउंडिंगने दशांशाचा फरक पडतो बाय, इतका नाही! तिने प्राथमिकचा आकडा एका तक्त्यातून उचलला होता आणि उद्योगाचा दुसऱ्या. खाण दोन्हीकडे मोजली गेली होती.

आपल्याकडे दोन गटवाऱ्या शेजारी शेजारी नांदतात. सांख्यिकी मंत्रालयाच्या प्राथमिक-द्वितीयक-तृतीयक मांडणीत प्राथमिक म्हणजे शेती, पशुपालन, वनं, मासेमारी आणि खाणकाम. द्वितीयक म्हणजे उत्पादन, वीज-गॅस-पाणीपुरवठा आणि बांधकाम. आर्थिक पाहणी अहवालात शेती-उद्योग-सेवा अशी मांडणी येते, आणि तिथे खाणकाम उद्योगात जातं. दोन्ही बरोबर आहेत, फक्त एकीतलं अर्धं आणि दुसरीतलं अर्धं घ्यायचं नसतं. त्यात औद्योगिक उत्पादन निर्देशांकाची आणखी भर. २०११-१२ या पायाभूत वर्षाच्या मालिकेत तो खाण, उत्पादन आणि वीज एवढंच मोजतो. खाणीला १४.३७ टक्के भार आहे आणि बांधकामाला जागाच नाही. म्हणून माझी सवय अशी की तक्ता उतरवण्याआधी त्याखालची बारीक टीप उतरवायची. मुलं नेमकी तीच कापून फोटो काढतात.

गोव्यात ही बाब पुस्तकी नाही. डिचोली-सत्तरीत खनिज काढलं, धुऊन समृद्ध केलं, इथपर्यंत सेक्शन ‘बी’, खाणकाम. ट्रकवर आणि मग मांडवी-जुवारीतल्या बार्जवर चढलं की ‘एच’, वाहतूक. मुरगाव बंदरातलं चढवणं-उतरवणंही ‘एच’. आमोण्याच्या भट्टीत त्याचं कच्चं लोखंड झालं की ‘सी’. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. तेव्हा ‘खाण क्षेत्र बसलं’ असं सगळे म्हणाले. पण त्यातलं किती नुकसान खाणीच्या ओळीत दिसणार? ट्रकवाल्याचं ‘एच’मध्ये, गॅरेज आणि टायरवाल्याचं ‘जी’मध्ये, रस्त्याकडेच्या चहावाल्याचं ‘आय’मध्ये, म्हणजे हॉटेल-खानपानात. खाणीवर प्रोजेक्ट लिहिणाऱ्याने फक्त ‘बी’ची ओळ बघितली, तर साखळी गावच्या बाजाराला काय झालं ते त्याला कळायचंच नाही.

पर्यटन क्षेत्राचा आकडा द्या

गोव्यात राहून पर्यटनाला स्वतःचा सेक्शन नाही हे पटवणं कठीण जातं. पण नाही. बाकीची वर्गवारी माल किंवा सेवा कोण तयार करतो यावरून होते. पर्यटन ठरतं ते ती कोण वापरतो यावरून. म्हापशाच्या एकाच खानावळीत दिल्लीचा पाहुणा आणि बाजाराला आलेला थिवीचा माणूस शेजारी बसून जेवतात. डिव्हिजन ५६ त्यांच्यात फरक करत नाही. म्हणून देश पर्यटनासाठी ‘टुरिझम सॅटेलाइट अकाउंट’ नावाचा वेगळा हिशेब मांडतात आणि हॉटेल, प्रवास, करमणूक यांतला पाहुण्यांचा वाटा बाजूला काढतात. ‘व्यापार, हॉटेल, वाहतूक, दळणवळण’ ही एकत्र ओळ उचलून तिला पर्यटन म्हणणारे प्रोजेक्ट मी परत पाठवतो. त्या ओळीत भुसारी दुकानापासून मोबाइल कंपनीपर्यंत सगळे आहेत.

बाकीच्या, झटपट

पायलट, म्हणजे गोव्यातला दुचाकी टॅक्सीवाला, गिऱ्हाइकाला मागे बसवून नेतो, ते ‘एच’. तीच दुचाकी रेंटवर दिली, तर डिव्हिजन ७७, सेक्शन ‘एन’. दुरुस्त केली किंवा विकली, तर डिव्हिजन ४५, ‘जी’. गॅरेजला कारखाना समजू नका. जहाजाची दुरुस्ती मात्र डिव्हिजन ३३ मध्ये, म्हणजे ‘सी’मध्येच येते. यात तर्क शोधत बसू नका, यादी बघा.

मांडवीतला कॅसिनो पाण्यावर असला तरी जुगारच, डिव्हिजन ९२. संध्याकाळची नदीतली फेरी मात्र जलवाहतूक.

खोली रात्रीच्या हिशेबाने दिली तर डिव्हिजन ५५ (निवास). फ्लॅट महिन्या-वर्षाच्या कराराने दिला तर ६८ (स्थावर मालमत्ता).

मिठागरात समुद्राचं पाणी सुकवून मीठ काढतात, ते ‘बी’मध्ये, खाणींच्या शेजारी. तेच मीठ आयोडीन घालून खाण्यासाठी तयार केलं की डिव्हिजन १०. हडफड्याच्या मिठागरवाल्याला हे सांगितलं की तो माझ्याकडे संशयाने बघतो.

सार्वजनिक-खासगी आणि प्राथमिक-द्वितीयक या दोन वेगळ्या वाटण्या आहेत. कदंब बस सरकारी आणि शेजारची बस खासगी, पण दोन्ही वाहतूकच. वास्कोचं गोवा शिपयार्ड सरकारी आहे म्हणून सेवा होत नाही. तिथे जहाजं बांधतात.

शेअर बाजाराच्या ॲपवरची क्षेत्रं राज्याच्या प्रोजेक्टमध्ये आणू नका. जिक्स ही ११ क्षेत्रांची यादी एमएससीआय आणि एस अँड पी यांनी १९९९ मध्ये कंपन्यांसाठी बनवली. तिच्यात हॉटेल आणि मोटारगाडीचा कारखाना दोघंही ‘कन्झ्युमर डिस्क्रेशनरी’त बसतात. गुंतवणूकदाराला ते चालतं.

चतुर्थक (माहिती-ज्ञानाचं काम) आणि पंचमक (वरच्या पातळीचे निर्णय) क्षेत्र भूगोलाच्या पेपरात जरूर लिहा. राष्ट्रीय लेख्यांत, म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या सरकारी हिशेबात, त्यांची ओळ शोधू नका.

आणि शोधखिडकीत ‘काजू’ किंवा ‘बोट’ टाकून पहिला दिसेल तो कोड उचलणं बंद करा. आधी अक्षर ठरवा, मग दोन आकडे, मग खाली उतरा. अगदीच घाई असेल तर पहिले दोन तरी नीट भरा. उरलेले मी दुरुस्त करून देईन. पोर्टलवर दुरुस्ती फुकट आहे, माझ्याकडे नाही.